मुंबई ते लंडन

मुंबईपासून लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर दूर आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर बिनचूक मोजता येत नाही. कारण पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो ज्या मार्गाने जाईल, तोच सर्वांत जवळचा मार्ग होय. तोच मार्ग सपाट नकाशावर काढल्यास उत्तरेकडे वाकलेला दिसतो.

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनीव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला पोहोचले. आजची जेट विमाने कोठेही न थांबता सुमारे दहा तासांत तेथे जातात.

परतीच्या प्रवासास मात्र बहुधा याहून कमी वेळ लागतो. अंतर तेच असता असे का व्हावे? त्या मार्गावर फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानास विरोध करतात; येताना तेच त्याला साहाय्य करतात.

वेळापत्रकात प्रत्येक शहराची स्थानिक वेळ दिलेली असते. हिवाळ्यात मुंबईचे घड्याळ लंडनच्या घड्याळापेक्षा साडेपाच तास पुढे असते. म्हणून मुंबईहून दुपारी बारा वाजता निघालेले विमान दहा तासांनी लंडनला उतरते, तेव्हा तेथे दुपारचे साडेचारच वाजलेले असतात. केवळ घड्याळे पाहणारा या प्रवासास साडेचार तासांचाच समजेल!

आता लंडनहून दुपारी बारा वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईस उतरले, तर येथे किती वाजले असतील? हिशेब करून पाहा.