डांगी गाईच्या प्रती काढायच्या का?

मी जनावरांचा डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं इगतपुरी तालुक्यात गेली, निवृत्तीनंतर नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मार्च 2023 मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ‘गंगा’ ही गीर कालवड क्लोनिंगने जन्मली, तेव्हापासून ओळखीचे शेतकरी फोनवर विचारतात, “डॉक्टर, आपल्या डांगीचं असं होईल का हो?”

होईल. आपल्या द्राक्षबागायतदाराला तर हे चटकन उमगावं. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी भरली की वेल थॉमसनचीच होते. जनावरात काडीच्या जागी पेशी असते. गंगाच्या वेळी साहिवाल गाईच्या अंडाशयातून सुईने स्त्रीबीज काढलं, त्यातलं केंद्रक काढून टाकलं, गीर गाईची पेशी त्याला जोडली. आठवडाभर प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण संकरित गाईच्या गर्भाशयात ठेवला. कालवड 32 किलोची झाली. याच संस्थेतल्या ‘गरिमा-2’ या क्लोन म्हशीने 2013 मध्ये ‘महिमा’ला जन्म दिला, म्हणजे अशा जनावराची पुढची वीतही होते. भरपूर दुधाची गाय म्हातारी झाली, मेली, तरी तिचे गुण हातचे जात नाहीत. हा फायदा खरा आहे.

पण त्याची किंमत मुक्या जनावराने मोजलेली असते. 1996 साली डॉली मेंढी जन्मली तेव्हा 277 प्रयत्नांतून 29 भ्रूण तयार झाले आणि कोकरू जगलं एकच. क्लोनच्या गर्भात वार नीट न बनणं, वासरू अवाजवी मोठं होणं हे नेहमीपेक्षा जास्त दिसतं. अडलेल्या गाईपाशी ज्याने रात्र काढली आहे, त्याला हे आकडे नुसते आकडे वाटत नाहीत.

दुसरी काळजी डांगीचीच. इगतपुरी-अकोल्याच्या धो धो पावसात, भातखाचराच्या चिखलात ही जात टिकते ती तेलकट कातडीवर आणि कडक काळ्या खुरांवर. दूध बेताचंच. उद्या सर्वात दुधाळ चार गाई निवडून त्यांच्याच प्रती गोठ्यागोठ्यांत गेल्या, तर एकाच रोगाला सगळ्या सारख्याच बळी पडतील. अमेरिकेत याच्या उलट वाट धरली. काळ्या पायांच्या फेरेट या प्राण्याची तोवरची सगळी प्रजा मोजक्या सात जनावरांची. म्हणून 1988 पासून गोठवून ठेवलेल्या, त्या वंशाबाहेरच्या एका मादीच्या पेशींतून 2020 मध्ये ‘एलिझाबेथ ॲन’ जन्माला घातली. हरवलेलं वैविध्य परत आणण्यासाठी क्लोनिंग व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

माणसाच्या बाबतीत मात्र माझा ठाम नकार आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मार्गदर्शक तत्त्वंही असं मूल जन्माला घालायला मनाई करतात. गेलेलं माणूस त्यातून परत येतही नाही. 2001 मध्ये टेक्सासला जन्मलेल्या ‘सीसी’ या क्लोन मांजरीचे रंगसुद्धा मूळ मांजरीसारखे उतरले नाहीत. दुसऱ्या कुणासारखं व्हायचं ओझं घेऊन एखाद्या लेकराने का जन्मावं?

डांगीसाठी आज करण्यासारखं काम साधं आहे. घोटीच्या बाजारात, राजूरच्या प्रदर्शनात वेगवेगळ्या पाड्यांवरची जनावरं येतात. दूध कमी देणारीही धरून, त्यातल्या शक्य तितक्यांच्या कानाच्या कातडीचे नमुने घेऊन पेशी गोठवाव्यात. आणि जो ठाकर, जो महादेव कोळी पावसाळाभर ही गुरं राखतो, त्याला चाऱ्यापाण्यापुरते तरी पैसे द्यावेत.