जम्बो गिटार : लाखांची किंमत नेमकी कशाची?

दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या दोन मोठ्या गिटारी दिसायला जवळपास सारख्या असतात. किमतीत मात्र लाखांचा फरक असतो. हा फरक नावाचा, चकाकीचा की लाकडाचा? पैसे मोजण्यापूर्वी आईवडिलांना एवढे तरी ठाऊक हवे.

चेन्नईतील अण्णा नगर ही आखीवरेखीव वसाहत. १९६८ साली इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शनाच्या निमित्ताने उभारलेला १३५ फूट उंचीचा मनोरा आजही तिची खूण सांगतो. नोकरदार आणि व्यावसायिक मंडळींची ही वस्ती. मुलांचे शिक्षण आणि संगीत या दोन गोष्टींसाठी इथले पालक हात आखडता घेत नाहीत. संध्याकाळी इथल्या सदनिकांमधून वीणा, व्हायोलिन आणि मृदंगाबरोबर आता गिटारही ऐकू येते.

परक्या वाद्याला घरचे करून घेण्याची या मुलखाला जुनी सवय आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (१७९८ ते १८३२) यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांना मान होता. त्याच सुमारास व्हायोलिन कर्नाटक संगीतात आले आणि असे रुळले, की ते मूळचे परदेशी आहे याची आज आठवणही होत नाही. चेन्नईच्या माउंट रोडवरील 'म्युझी म्युझिकल' हे वाद्यांचे दुकान तर १८४२ सालचे. इलयाराजांसारख्या संगीतकाराने गिटार तामिळ चित्रपटगीतांच्या केंद्रस्थानी नेली, आर. प्रसन्ना यांनी तिच्यावर चक्क कर्नाटक राग वाजवले.

अशा घरात एखादा मुलगा किंवा मुलगी सात-आठ वर्षे मनापासून गिटार शिकते आणि एक दिवस म्हणते, "बाबा, आता मला जम्बो हवी." बाबा किंमत विचारतात आणि गप्प होतात. कारण नावाजलेल्या जम्बो गिटारीची किंमत अमेरिकेतच चार-पाच लाख रुपयांच्या घरात जाते. त्यावर आयातशुल्क वेगळे. इतक्या पैशांत घरातली कितीतरी कामे होतात. तेव्हा ते कशाचे मोजायचे, हे वाद्य आतून-बाहेरून पाहूनच ठरवायला हवे.

जम्बो म्हणजे किती मोठी?

गिटारीच्या पेटीचा खालचा, सर्वांत रुंद भाग हे तिचे माप. सर्वत्र दिसणाऱ्या 'ड्रेडनॉट' गिटारीचा हा भाग सुमारे साडेपंधरा इंच असतो. जम्बोचा १६ ते १७ इंच. या गिटारींची आद्य मानली जाणारी गिब्सन कंपनीची एसजे-२०० ही गिटार १९३७ साली रे व्हिटली या चित्रपटातील गायक-काउबॉयसाठी घडवली गेली. नावातला २०० हा आकडा तिच्या तेव्हाच्या डॉलरमधील किमतीचा. रुंदी १७ इंचांच्या आसपास, कंबर बारीक आणि मिशीच्या आकाराची घोडी. एल्विस प्रेसलीच्या हातात ती जगाने पाहिली.

मात्र 'जम्बो' या शब्दाला ठरलेले माप नाही. मार्टिन कंपनीची जे-४० ही १६ इंचीच आहे. उत्तर आयर्लंडमधील जॉर्ज लोडेन यांची 'ओ' आकाराची गिटारही जम्बोच म्हणवली जाते, पण तिची ठेवण गिब्सनहून वेगळी. म्हणून नावावर न जाता मोजपट्टी लावावी आणि वाजवणाऱ्याच्या मांडीवर वाद्य ठेवून पाहावे. सतरा इंची पेटीवरून हात टाकताना खांदा उचलावा लागत असेल, तर वाद्य कितीही उत्तम असले तरी ते त्या मुलासाठी नाही.

तबली : खरा आवाज इथे

तंबोऱ्याची तबली ज्यांनी पाहिली आहे त्यांना गिटारीचे मर्म चटकन कळेल. तारा घोडीवर बसतात, घोडी तबलीला चिकटलेली असते आणि तबली थरथरली की आवाज होतो. गिटारीची तबली बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची असते. जाडी फक्त अडीच ते तीन मिलिमीटर. या पातळ फळीवर सहा तारांचा मिळून सुमारे ७५ किलोंचा ताण पडतो. बारा तारांच्या गिटारीत तो शंभर किलोंच्या पुढे जातो. एक मोठा माणूस चोवीस तास फळी ओढत असावा, तसे हे.

स्वस्त गिटारीत ही तबली प्लायवुडची असते. ती टिकते, पण तिला कंठ फुटत नाही. महागड्या गिटारीत ती अखंड लाकडाची असते आणि वर्षानुवर्षांच्या वाजवण्याने तिचा आवाज खुलत जातो, असे वादक सांगतात. ओळखायचे कसे? मधल्या गोल भोकाची कड निरखून पाहावी. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील, तर लाकूड अखंड. कडेला थर दिसले, तर प्लायवुड.

आतल्या पट्ट्यांची कमाल

एवढ्या ताणाखाली पातळ तबली वाकू नये म्हणून तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात. १८३३ साली स्थापन झालेल्या मार्टिन कंपनीच्या गिटारींत १८४० च्या दशकात इंग्रजी एक्स अक्षरासारखी एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची रचना दिसू लागली. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारी आजही तीच वापरतात. लोडेन या पट्ट्यांना डॉल्फिनच्या पाठीसारखी कमान देतात. टेलर कंपनीने २०१८ पासून व्ही अक्षराची नवी मांडणी आणली.

इथे कारागिराची खरी परीक्षा असते. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार दणकट होते, पण मुकी. फार तासल्या तर आवाज सुंदर, पण काही वर्षांत तबलीला फुगवटा. गिब्सनने १९७० च्या दशकात आपल्या मोठ्या गिटारींत दुहेरी एक्स पट्ट्या बसवल्या. दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या गिटारी कमी व्हाव्यात हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात. गिटारी भक्कम झाल्या, पण त्या काळातील वाद्यांचा आवाज दबलेला आहे, अशी तक्रार जाणकार आजही करतात. पुढे कंपनी पुन्हा हलक्या पट्ट्यांकडे वळली. जुनी गिटार घेताना तिचे साल विचारायचे ते याचसाठी. छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन भोकातून आत डोकावले, की पट्ट्यांची रचना आणि डिंकाचे ओघळ दोन्ही दिसतात. स्वच्छ आतली बाजू ही चांगल्या हाताची साक्ष.

पाठ : आपल्याच डोंगरांतली शिसवी

जगातील अनेक उंची गिटारींची पाठ आणि बाजू ज्या लाकडाच्या असतात, ते लाकूड मराठी घरांना नवे नाही. आजीचा शिसवी पलंग, देवघरातला शिसवी पाट, तेच हे झाड. निलगिरी, वायनाड, कूर्ग या डोंगराळ पट्ट्यांतील शिसवी जगभर 'इंडियन रोझवूड' म्हणून ओळखली जाते. पूर्वी गिटारीसाठी ब्राझीलची शिसवी वापरत. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली आणि १९६९ साली मार्टिन कंपनी भारतीय शिसवीकडे वळली. इतरांनीही तीच वाट धरली. मार्टिनच्या जे-४० ची पाठ याच लाकडाची. म्हणजे चेन्नईहून एका रात्रीच्या प्रवासावरच्या डोंगरात वाढलेले लाकूड सातासमुद्रापार जाते आणि गिटार होऊन दहापट मोलाने परत येते.

या मागणीचा भार झाडांवर पडलाच. शिसवी सावकाश वाढते. तिची गणना आज धोक्यात आलेल्या वृक्षांत होते. तामिळनाडूने १९९४ साली तिच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार शिसवीच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र ही सूट नाही. ती १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे. परदेशातील काका-मावशी जुनी गिटार भेट म्हणून आणणार असतील, तर पाठ कोणत्या शिसवीची हे आधी विचारावे. नाहीतर वाद्य विमानतळावरच अडकायचे.

सर्वच जम्बोंना शिसवी लागते असे मात्र नाही. पहिल्या एसजे-२०० गिटारींची पाठ शिसवी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर गिब्सनने मेपल हे फिकट, कठीण लाकूड घेतले. दोन्हींच्या आवाजात फरक आहे. शिसवीत खर्ज भरदार असतो आणि सूर बराच वेळ रेंगाळतो. मेपलमध्ये सूर लवकर विरतो, त्यामुळे जोरात वाजवतानाही एकात एक मिसळून गोंगाट होत नाही. सतरा इंची पेटी मुळातच घुमते. म्हणून एकट्याने बोटांनी वाजवणाऱ्याला शिसवी आणि गाण्याला जोरकस साथ करणाऱ्याला मेपल, असे साधारण गणित मांडतात.

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या गिल्ड कंपनीने तिसराच मार्ग काढला. तिच्या एफ-५० गिटारीची मेपलची पाठ पातळ थर एकत्र दाबून कमानदार केलेली असते. तिला आतून पट्ट्यांची गरज पडत नाही. म्हणजे थरांचे लाकूड दिसले की नाक मुरडायचे, हा नियम तबलीपुरता ठीक. पाठीला तो जसाच्या तसा लावू नये. गिल्डच्याच बारा तारांच्या एफ-५१२ मध्ये शिसवी पाठ असते आणि वाढीव ताण पेलण्यासाठी दांडीत एकाऐवजी दोन पोलादी सळ्या.

दांडीचा सांधा आणि चेन्नईची हवा

दांडी पेटीला कशी जोडली आहे, हा प्रश्न दुकानात सहसा कोणी विचारत नाही. घरच्या खर्चाच्या दृष्टीने मात्र तो सर्वांत महत्त्वाचा. गिब्सन आणि मार्टिनच्या पारंपरिक गिटारींत पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखी खाच करून दांडी डिंकाने बसवतात. सांधा सुबक आणि मजबूत. पण वीस-तीस वर्षांनी तारांच्या ओढीने दांडीचा कोन बदलला, की वाफेने डिंक सैल करून ती काढावी लागते. हे काम निष्णात कारागिराचे. टेलरने दांडी बोल्टने जोडण्याची पद्धत रूढ केली. १९९९ पासूनच्या सुधारित रचनेत तर बोल्ट सोडवून बारीक पाचर बदलली, की कोन थोड्या वेळात सरळ होतो.

चेन्नईत ही वेळ लवकर येऊ शकते. गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या खोल्यांत घडवल्या जातात. गिब्सनचा अकौस्टिक गिटारींचा कारखाना १९८९ पासून बोझमन या गावी आहे. मोंटाना प्रांतातील हा भाग कोरड्या हवेचा. तिथून निघालेले वाद्य अण्णा नगरात पोचते तेव्हा हवेत ७०-८० टक्के ओल असते. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात त्याहूनही अधिक. लाकूड ओल पिते, तबली फुगते, घोडी वर येते आणि तारा पडद्यांपासून दूर जातात. मुलाची बोटे दुखू लागतात आणि घरचे समजतात की याचा उत्साह ओसरला. उलट रात्रभर वातानुकूलन आणि दिवसा दमट हवा, असा झोका रोज बसला तर सांधे सैल होतात.

उपाय साधे आहेत. गिटार भिंतीवर टांगून न ठेवता तिच्या कडक पेटीत ठेवावी. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक ठेवावा. काटा ४५ ते ५५ च्या दरम्यान राहिला की काळजी नाही. बाहेरची भिंत आणि मोटारीची डिकी या दोन जागा वर्ज्य. वाजवून झाले की तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. समुद्राकाठच्या हवेत त्या लवकर गंजतात. गिब्सनच्या पातळ नायट्रो लॅकरवर घामाने डाग पडू शकतात. टेलरचे पॉलिएस्टरचे आवरण त्या मानाने सोसणारे.

मग घ्यावी का?

मूल बारा-तेरा वर्षांचे असेल, तर उत्तर सरळ 'नाही' आहे. अखंड तबलीची साधी गिटार त्याला पुष्कळ झाली. हात तयार झाला असेल आणि वादन हाच पुढचा मार्ग ठरत असेल, तर विचार जरूर करावा. अशा वेळी अण्णा नगरासारख्या ठिकाणी दुरुस्तीला सोपी, बोल्टच्या दांडीची गिटार व्यवहाराला बरी. परंपरेचा तोच भरदार आवाज हवा असेल, तर गिब्सन वा मार्टिन घ्यावी. पण सांधा उकलू शकणारा कारागीर आधी शोधून ठेवावा. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलमध्ये एरिसा निओगी यांच्यासारखे कारागीर हाताने गिटारी घडवत आले आहेत. वाद्य घडवणाऱ्याशी समोरासमोर बोलण्याची सोय इतक्या जवळ असणे, हेही थोडे नाही.

मिरजेच्या तंबोऱ्याबाबत जुनी मंडळी जे पाहात, तेच इथेही पाहायचे: लाकूड, सांधा आणि घडवणाऱ्याचा हात. मोत्यांची नक्षी आणि सोनेरी खुंट्या आवाजात काहीही भर घालत नाहीत.

दुकानात जाताना लक्षात ठेवा

• गोल भोकाची कड पाहा : रेषा सलग उतरतात की थर दिसतात?
• आरशाने आत पाहा : पट्ट्या नीट चिकटलेल्या आहेत का, डिंकाचे ओघळ आहेत का?
• तबलीवर आडवी पट्टी धरा : घोडीमागे किंचित उंचवटा चालतो, मोठा फुगवटा नको.
• दांडीवर एका डोळ्याने नजर टाका : ती पिळलेली नसावी.
• प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा : कुठे खरखर होते का?
• वरची पट्टी आणि घोडीवरची पट्टी हाडाची आहे की प्लास्टिकची, ते विचारा.
• तेच गाणे शिसवी आणि मेपल अशा दोन्ही गिटारींवर वाजवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका.
• शेवटी किमतीची चिठ्ठी पाहा, आधी नव्हे.