रुपया हरवतो, पत्र परत येतं

टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाची ती विहीर. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते याच एका अधिवेशनात. शाळेत हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्यांच्या खिशातल्या घड्याळाची गोष्ट मात्र कमी जणांना ठाऊक असते.

हे घड्याळ त्यांना इंदिरा गांधींनी भेट दिलेलं होतं. १९४७ साली रेल्वेप्रवासात कानपूर येथे ते चोरीला गेलं. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं घड्याळच गेलं! पण सुमारे सहा महिन्यांनी चोर स्वतः आला, त्याने माफी मागितली आणि घड्याळ परत दिलं.

दुसरी गोष्ट लंडनची. १९१२ साली रवींद्रनाथ ठाकूर तिथे गेले, तेव्हा त्यांनी स्वतः केलेलं ‘गीतांजली’चं इंग्रजी भाषांतर हस्तलिखित स्वरूपात सोबत होतं. ती बॅग मुलाकडे, रथींद्रनाथांकडे होती आणि ती भुयारी रेल्वेतच राहून गेली. नंतर शोधाशोध केल्यावर हरवलेल्या सामानाच्या कार्यालयात ती सुखरूप मिळाली. पुढच्याच वर्षी रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक मिळालं.

या दोन्ही वस्तू परत का आल्या? नशीब म्हणून सोडून देता येईल. पण मला वाटतं, त्यामागे आणखी एक कारण आहे. ज्याच्या हातात वस्तू पडली, त्याला ती ‘कुणाची तरी’ आहे हे कळत होतं. घड्याळाचा मालक तर साऱ्या देशाला माहीत होता. हाताने लिहिलेल्या कागदांचा दुसऱ्या कुणाला उपयोग नव्हता, पण लिहिणाऱ्याला त्यांची किंमत असणार, हे कुणीही ओळखलं असतं.

आपल्या फौजदारी कायद्यातही हाच फरक केलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४०३ सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे लाटण्याबद्दल होतं. त्यात उदाहरणं दिलेली आहेत. एकाला रस्त्यात रुपया सापडतो. कुणाचा ते त्याला माहीत नसतं. त्याने तो उचलला तर गुन्हा नाही. दुसऱ्याला एक पत्र सापडतं, आत नोट असते. पत्रावरच्या पत्त्यावरून आणि मजकुरावरून ती कुणाची ते कळतं, तरी तो ती ठेवून घेतो. हा मात्र गुन्हा. १ जुलै २०२४ पासून या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू आहे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड.

थोडक्यात, रुपयाला मालक दिसत नाही, पत्राला दिसतो. आपली जिव्हाळ्याची वस्तू प्रवासात न्यायची असेल, तर तिला ‘पत्र’ करून न्यावं.

आमच्या आत्याची एक वही आहे. आजीने सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या तिने त्यात उतरवून घेतल्या आहेत. आजी आता नाही, त्यामुळे त्या ओव्या त्या वहीतच उरल्या आहेत. निपाणीहून बेळगावला येताना ती पिशवी आणि छत्री दोन्ही बसमध्ये राहिली. आत्याने लगेच स्टँडवरच्या खिडकीत तिकीट दाखवलं, त्यांनी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी डेपोत गेलो तर आतूनच आवाज आला, “मावशी, वही हुडकूलासा काय?” पहिल्या पानावर आत्याचं नाव आणि गल्ली होती. छत्री मात्र काही आली नाही. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. वही पत्र होती, छत्री रुपया.

वस्तू राहून गेल्याचं लक्षात आलं की काय करायचं?

बस असेल तर आधी तिकीट सांभाळा. मशीनच्या तिकिटावर तारीख, वेळ आणि बसची नोंद असते. आपल्या सीमाभागात हे फार महत्त्वाचं, कारण कोल्हापूर रस्त्यावर एक बस कर्नाटकाची तर मागची महाराष्ट्राची असते. चुकीच्या महामंडळाच्या खिडकीत उभं राहून तास जातो. तेवढ्यात गाडी झाडून पुढच्या फेरीला निघालेली असते.

रेल्वे असेल तर १३९ या क्रमांकावर फोन करा किंवा ‘रेल मदद’ ॲपवर तक्रार नोंदवा. गाडी, डबा, आसन आणि पीएनआर क्रमांक द्या, म्हणजे पुढच्या स्टेशनवर डब्यात पाहता येतं. रेल्वे सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन अमानत’ नावाची मोहीम याच कामासाठी आहे. सापडलेल्या सामानाचे फोटो आणि तपशील विभागीय रेल्वेच्या संकेतस्थळावर टाकले जातात. मात्र हातातल्या सामानाची भरपाई मागायची तर रेल्वे कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावं लागतं, असं रेल्वे अधिनियम १९८९ चं कलम १०० सांगतं. आठवणीच्या वस्तूची भरपाई तशीही पैशात होत नाही.

चोरी झाली असेल, तर ती या राज्यात झाली की त्या राज्यात, हा प्रश्न तुम्हाला अडवू शकत नाही. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात.

वर्णन देताना वस्तूची किंमत सांगून उपयोग नाही, खुणा सांगा. ‘जुनी वही’ म्हटलं तर कुणाला कळणार? ‘तांबडं कव्हर, कोपरा फाटलेला, आत मोरपीस’ असं सांगितलं की शोधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वही उभी राहते.

आता दुसरी बाजू. उद्या वस्तू तुम्हालाच सापडेल. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ७१ प्रमाणे वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते. मालक शोधण्यात झालेला खर्च मिळेपर्यंत कलम १६८ प्रमाणे ती स्वतःकडे ठेवता येते. बक्षीस मात्र मालकाने जाहीर केलं असेल तरच हक्काने मागता येतं. जपानात पद्धत वेगळी आहे: वस्तू पोलीस चौकीत जमा केली आणि मालक मिळाला, तर त्याच्याकडून किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस कायद्यानेच मागता येतं. आपल्याकडे एवढी सोय नाही. म्हणून कंडक्टरकडे किंवा स्टेशन मास्तरकडे वस्तू देताना कुणाला, कधी दिली ते लिहून ठेवलेलं बरं.

आपल्या मंडळातल्या कितीतरी जणांकडे आजोबांचं पेन, आईची पत्रं, कवितेची वही असं काहीतरी असेल, आणि ते बॅगेतून वसतिगृह ते घर फिरतही असेल. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आणि आत एक चिठ्ठी घाला: नाव, फोन नंबर आणि ‘ही वस्तू मला फार मोलाची आहे, कृपया कळवा’ एवढं एक वाक्य. ते मराठीत लिहा, कानडीत लिहा, इंग्रजीतही लिहा. आपल्या भागात ती कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. ज्याच्या हाती लागेल त्याला वाचता आलं पाहिजे.