शाबरी विद्येचे नियम

शाबरी विद्या ही नाथकथांमधली मंत्रशक्ती. वेदमंत्रांना संस्कृत उच्चारांची शुद्धता लागते. शाबरी मंत्र लोकभाषेतले, गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जाणारे. या विद्येचा विस्तृत पट धुंडीसुत मालू यांच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या चाळीस अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात आहे. तो शके १७४१ म्हणजे इ.स. १८१९ मध्ये पूर्ण झाला. कल्याण-डोंबिवलीकरांना या परंपरेची खूण घराच्या गच्चीवरूनही दिसते. मलंगगडावरच्या स्थानाला काही भाविक हाजी मलंगबाबांचा दर्गा मानतात, काही मच्छिंद्रनाथांची समाधी.

ग्रंथातली शक्ती चमत्काराची असली तरी लहरी नाही. ती भस्मात साठवता येते, अस्त्र म्हणून सोडता येते आणि उलट मंत्राने मागेही घेता येते. मच्छिंद्रनाथांनी पुत्रप्राप्तीसाठी एका बाईला दिलेले भस्म तिने उकिरड्यावर टाकले. बारा वर्षांनी त्याच जागेतून त्यांचा शिष्य गोरक्ष बाहेर आला. भस्म घेणारीची श्रद्धा उणी पडली, पण भस्मातले सामर्थ्य सरले नाही.

याहून बोलकी कथा गहिनीनाथांची. गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करत बसलेला असताना खेळणाऱ्या पोरांनी त्याच्याकडे चिखलाचा गाडीवान मागितला. हात मातीत, ओठांवर मंत्र. बाहुला पुरा होता होता त्यात जीव आला; तोच गहिनीनाथ. गोरक्षाच्या मनात तसे काही नव्हते. पोरे भूत समजून पळाली. इथे इच्छा, भक्ती, पात्रता यांतले काहीही आड आले नाही. मंत्र आणि माती एकत्र आली एवढेच पुरले. मराठी कथावाङ्मयात शक्तीला यंत्रासारखे चालताना इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखवले असेल. अर्थात मालूकवी त्या देहात करभंजन नारायणाचा संचार सांगून घटना पुन्हा अवताराच्या चौकटीत बसवतात.

जॉर्ज लुकास यांच्या १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मधील ‘फोर्स’ याच जातीची कल्पना आहे. सजीवांपासून उपजलेली, सर्वांना वेढणारी ही शक्ती गुरूजवळ बसून शिकावी लागते. १९९९च्या चित्रपटात मात्र तिची क्षमता रक्तातल्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवर मोजली गेली, आणि साधनेची जागा जन्माने घेतली. नाथकथेतही नऊ नाथ हे नऊ नारायणांचे अवतार, म्हणजे जन्म तिथेही मोजला जातोच. पण अवतार असूनही गोरक्षाला मंत्र घोकावा लागतो, हा फरक मोठा आहे.

फोर्सची काळी बाजू क्रोध आणि भय यांतून उघडते. नाथकथेत धोका आसक्तीचा आहे, आणि तो गुरूलाही चुकत नाही. स्त्रीराज्यात रमलेल्या मच्छिंद्रांना गोरक्षाने सोडवून आणले, तेव्हा त्यांच्या झोळीत सोन्याची वीट होती. गोरक्षाने ती वाटेत फेकून दिली. गुरू हळहळले, तेव्हा शिष्याने मंत्राने डोंगरच सोन्याचा करून दाखवला आणि हवे तेवढे घ्या म्हणाला. त्या डोंगराचे नाव गर्भगिरी.