बाटलीतले आम्ल आणि समीकरणातले आम्ल

संगमरवराच्या चुऱ्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की कार्बन डायऑक्साइड वायू फसफसून बाहेर पडतो. शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट धरले, तर १० ग्रॅम चुरा पूर्ण विरघळण्यास किती आम्ल लागेल?

समीकरणानुसार कॅल्शिअम कार्बोनेटच्या १ मोलला हायड्रोजन क्लोराइडचे २ मोल लागतात. त्यांची रेणुवस्तुमाने अनुक्रमे १०० व ३६.५ आहेत. चुरा ०.१ मोल, म्हणून हायड्रोजन क्लोराइड ०.२ मोल, म्हणजेच ७.३ ग्रॅम. बहुतेक विद्यार्थी इथेच उत्तराखाली रेघ मारतात. परंतु बाटलीतले ७.३ ग्रॅम संहत आम्ल ओतले, तर सहा ग्रॅमहून अधिक चुरा तळाशी तसाच राहील.

असे का व्हावे? बाटलीत असते ते हायड्रोजन क्लोराइड वायूचे पाण्यातील द्रावण. समीकरण मात्र फक्त द्राव्याचा हिशेब मांडते. पाणी त्यात येत नाही. लेबलवर वस्तुमानाने ३६.५ टक्के असे लिहिले असेल, तर १०० ग्रॅम द्रावणात ३६.५ ग्रॅमच हायड्रोजन क्लोराइड असते. म्हणून ७.३ ग्रॅमसाठी ७.३ ÷ ०.३६५ = २० ग्रॅम द्रावण घ्यावे लागेल. काही विद्यार्थी भागण्याऐवजी गुणतात आणि २.६६ ग्रॅम असे उत्तर काढतात. द्राव्यापेक्षा द्रावण कमी कसे असेल, एवढे विचारले की चूक त्यांना आपोआप दिसते.

प्रयोगशाळेत आम्ल तोलत नाहीत, मोजपात्राने मोजतात. या आम्लाची घनता सुमारे १.१८ ग्रॅम प्रति मिलिलिटर असते; म्हणून २० ग्रॅमचे आकारमान सुमारे १७ मिलिलिटर भरते. टक्केवारी वस्तुमानाची असल्यामुळे घनतेची पायरी गाळून चालत नाही.

शाळेत संहत आम्लाऐवजी विरल आम्ल वापरणेच योग्य. द्रावण २ मोलर असेल, तर लिटरमध्ये २ मोल, म्हणून ०.२ मोलसाठी १०० मिलिलिटर. वरचेच १७ मिलिलिटर आम्ल पाण्यात हळूहळू मिसळून (आम्लात पाणी कधीही ओतू नये) एकूण १०० मिलिलिटर केले, तरी हेच द्रावण मिळते. संहती घटली, अभिक्रिया मंदावली. पण मोल तेवढेच राहिले, म्हणून चुराही तेवढाच विरघळेल.

वर्गात गणित सोडवून घेताना प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न विचारावा: हे ग्रॅम कशाचे, द्राव्याचे की द्रावणाचे?