कलेमागची व्यवस्था

हातातील तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, तर पुढच्याच क्षणी अर्जुनाचे धनुष्य. शेजारचा ‘रागी’ हुंकार देत, मध्येच प्रश्न विचारत कथा पुढे नेतो. हार्मोनियम, तबला, ढोलक आणि मंजिरा यांची साथ असते. महाभारतातील प्रसंग गाऊन सांगण्याची छत्तीसगडमधील ही लोककला म्हणजे पंडवानी. ती बसून सादर केली की वेदमती शैली म्हणतात; उभे राहून, अभिनयासह सादर केली की कापालिक. एके काळी पुरुषांचीच मानली गेलेली कापालिक शैली भिलाईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी आत्मसात केली आणि देशोदेशी पोहोचवली. २००३ मध्ये त्यांना पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला.

रंगमंचावरचे हे वैभव सर्वांना दिसते. मात्र सभागृह कोणी ठरवले, साथीदारांचा प्रवासखर्च कोणी दिला, तिकिटाचा दर किती असावा हे कोणी निश्चित केले, या गोष्टी प्रेक्षकांना दिसत नाहीत. दिसू नयेत अशीच अपेक्षा असते. या न दिसणाऱ्या कामाचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे कलाव्यवस्थापन. अमेरिका आणि ब्रिटनमधील विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा विषय रुजला आणि पुढे तेथे तो पदवीच्या पातळीवरही शिकवला जाऊ लागला.

भिलाईची खरी ओळख पोलादाची. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या येथील कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. भारतीय रेल्वेच्या रुळांचा फार मोठा भाग येथेच तयार होतो. याच कारखान्याने तीजनबाईंना नोकरी दिली होती. पोलादाच्या कारखान्याने लोककलावंताला वेतन द्यावे, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटेल; पण त्यामागे अर्थशास्त्रातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रश्न मांडला. कारखान्यात नवी यंत्रे आली की तेवढेच कामगार अधिक माल काढतात. भिलाईत गेल्या काही दशकांत मनुष्यबळ पुष्कळ घटले, तरी पोलादाचे उत्पादन वाढले. पंडवानीचे तसे होत नाही. द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रसंग सांगायला पन्नास वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे, तितकाच आजही लागतो. रागी वगळून किंवा कथा दुप्पट वेगाने सांगून ‘उत्पादकता’ वाढवता येत नाही. मात्र इतर सर्व क्षेत्रांतील वेतन वाढत असल्याने कलावंतालाही जगण्यापुरते अधिक मिळाले पाहिजे. परिणामी प्रत्यक्ष सादर होणाऱ्या कलांचा खर्च वाढत राहतो आणि तिकिटांचे उत्पन्न त्याला पुरे पडत नाही. ही तूट आळसामुळे किंवा गैरकारभारामुळेच येते असे नाही. ती या कलांच्या स्वरूपातच आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भिलाईतील ४०० खुर्च्यांच्या सभागृहात पंडवानीचा प्रयोग ठरवला आहे. भाडे, दिवे, ध्वनियंत्रणा, प्रवास, जेवण, मानधन आणि जाहिरात मिळून ७०,००० रुपये खर्च येतो. तिकीट १०० रुपये ठेवले, तर एकही खुर्ची रिकामी न राहता ४०,००० रुपये जमतात. तिकीट २०० रुपये केले, तर खर्च भरून निघण्यासाठी ३५० प्रेक्षक हवेत. पण दर दुप्पट झाल्यामुळे निम्मेच लोक आले, तर उत्पन्न पुन्हा ४०,००० रुपयेच होते आणि सुपेला किंवा कॅम्प भागातील ज्या श्रमिक कुटुंबांची ही कला आहे, तीच बाहेर राहतात. अशा वेळी घाईचा व्यवस्थापक साथीदार कमी करतो, किंवा दोन तासांची कथा वीस मिनिटांवर आणतो. हिशेब जुळतो, पंडवानी मात्र उरत नाही. म्हणून तूट कोणाकडून आणि कोणत्या अटींवर भरून घ्यायची, हा या विद्याशाखेचा गाभ्याचा प्रश्न आहे.

पूर्वी ही तूट आश्रयदाते भरीत. दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ हा छत्तीसगडी लोकगीतांचा आणि नाट्याचा भव्य प्रयोग उभा केला. त्यांनी गावोगावचे गायक, वादक, नर्तक शोधले, त्यांच्याकडून तालमी करून घेतल्या आणि स्वतःचा पैसा त्यात ओतला. कलाव्यवस्थापन हा शब्द न उच्चारता केलेले ते उत्तम कलाव्यवस्थापन होते. परंतु एका व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर आणि खिशावर उभ्या असलेल्या कार्याचे भवितव्य त्या व्यक्तीशीच बांधलेले असते.

मराठी रंगभूमीने हा धडा फार महाग किंमत देऊन घेतला. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. लोकप्रियतेत तिला तोड नव्हती. तरीही उंची वस्त्रे, अत्तरे आणि देखाव्यांवरील खर्चाला आवर राहिला नाही आणि मंडळी कर्जात बुडाली. ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागली म्हणजे मंडळी सुस्थितीत आहे, हा समज किती फसवा असतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आज राजे, मालगुजार यांच्या जागी शासन आणि उद्योग आले आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते. त्या कार्यांच्या यादीत कला, संस्कृती आणि वारसा यांचाही समावेश आहे. हा निधी आपोआप कलावंतांच्या दारी येत नाही. त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो, अंदाजपत्रक द्यावे लागते आणि खर्चाचा हिशेब वेळेवर सादर करावा लागतो. गावातील मंडळीकडे कला असते. हे कागद मात्र नसतात.

कलाव्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमात म्हणून दोन टोके एकत्र येतात. एका बाजूला कलेचा इतिहास आणि आस्वाद, तर दुसऱ्या बाजूला हिशेबशास्त्र, कायदा, प्रसिद्धी आणि प्रेक्षकांचा अभ्यास. यांखेरीज एखाद्या नाट्यसंस्थेत, संग्रहालयात किंवा महोत्सवात प्रत्यक्ष काम करावे लागते. भारतात या विषयाची स्वतंत्र पदवी देणाऱ्या संस्था अजून थोड्याच आहेत. भिलाईच्या विद्यार्थ्याला बहुधा स्वतःच जोड घालावी लागते. वाणिज्य शाखेची पदवी घेताना तो एखाद्या नाट्यमंडळीचे हिशेब सांभाळू शकतो. किंवा कलेच्या शिक्षणासाठी तो खैरागडला जाऊ शकतो. तेथील राजघराण्याने आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा दिला आणि १९५६ साली, म्हणजे तीजनबाईंच्या जन्मवर्षीच, इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. या दोन मार्गांपैकी कोणताही एक अपुरा आहे. नुसता हिशेब जाणणारा रागीला अनावश्यक खर्च समजेल. नुसता रसिक मंडळीला गंधर्व मंडळीच्या वाटेने नेईल.

कायद्याचे ज्ञान किती निकडीचे आहे, हे २००९ साली दिसून आले. ‘दिल्ली-६’ या हिंदी चित्रपटात छत्तीसगडी लोकगीतावर आधारलेले एक गाणे आले आणि देशभर गाजले. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, म्हणून त्याच्या शब्दांवर आणि चालीवर सहसा कोणाचा स्वामित्वहक्क सांगता येत नाही. परंतु ते गाणाऱ्याचा हक्क वेगळा आहे. स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने सादरकर्त्यालाही हक्क मिळाला आणि १९९९ च्या दुरुस्तीने त्याची मुदत पन्नास वर्षे झाली. सादरकर्ता कोण, याची कायद्यातील व्याख्याही वाचनीय आहे. तीत नट, गायक, वादक आणि नर्तक तर आहेतच. शिवाय कसरतपटू, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत.

म्हणजेच पंडवानीचे ध्वनिमुद्रण होते तेव्हा हुंकार देणारा रागी आणि मागे बसलेला ढोलकवादकही कायद्याच्या दृष्टीने सादरकर्तेच असतात. करारपत्र तयार करताना मुख्य गायिकेच्या नावाखाली त्यांच्याही नावांच्या ओळी ठेवणे, मजकूर त्यांना समजेल अशा छत्तीसगडीत वाचून दाखवणे आणि मगच सही किंवा अंगठा घेणे, हे काम व्यवस्थापकाचे असते.