टेलिव्हिजन : शब्दाची व्युत्पत्ती

चित्र व ध्वनी यांचे दूरवर प्रेषण आणि ग्रहण करणाऱ्या यंत्रणेचे इंग्रजी नाव. दोन भिन्न भाषांतील पदे जोडून बनलेल्या संकरित सामासिक शब्दांचे हे ठळक उदाहरण होय. याचे पूर्वपद ‘टेले’ (दूर) हे ग्रीक असून उत्तरपद ‘व्हिजिओ’ (पाहण्याची क्रिया) या लॅटिन नामापासून आले आहे. ‘व्हिजिओ’चे मूळ ‘व्हिदेरे’ (पाहणे) हे क्रियापद होय. संस्कृतमधील ‘विद्’ (जाणणे) हा धातूही त्याच इंडो-यूरोपीय मूळापासून निघालेला असल्याने ‘विद्या’ व ‘वेद’ हे शब्द त्याचे दूरचे आप्त ठरतात.

नव्या उपकरणांना नावे देताना ‘टेले’चा उपयोग पूर्वीपासून होत होता. गॅलिलीओच्या दुर्बिणीला १६११ मध्ये मिळालेले ‘टेलिस्कोप’ हे नाव, तसेच ‘टेलिग्राफ’ व ‘टेलिफोन’ हे पुढील काळातील शब्द यांतील दोन्ही पदे ग्रीकच आहेत. समासातील पदे एकाच भाषेची असावीत, हा व्याकरणकारांचा संकेत ‘टेलिव्हिजन’ने मोडला, म्हणून भाषाशुद्धीच्या पुरस्कर्त्यांनी त्यास सदोष ठरविले.

कॉन्स्टंटिन पर्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १९०० मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत वाचलेल्या निबंधात या शब्दाचे फ्रेंच रूप योजिले. जॉन लोगी बेअर्ड यांनी आपल्या यंत्रणेचे लंडनमधील प्रात्यक्षिक १९२६ मध्ये दाखविले. म्हणजे वस्तू प्रत्यक्षात येण्यापूर्वी सु. पाव शतक तिचे नाव रूढ होऊ लागले होते.

काही भाषांनी हा संकर टाळला. आधुनिक ग्रीकने लॅटिन पद वगळून ‘तिलेओरासी’ हा शब्द घडविला, तर जर्मनने ‘फेर्नझेएन’ हा स्वभाषेतील पदांचा समास स्वीकारला. भारतात ‘दूरदर्शन’ या संस्कृत समासात दोन्ही पदांचा अर्थ तंतोतंत उतरला आहे. तथापि तो शासकीय प्रसारण सेवेचे विशेषनामही असून मराठीत सामान्यनाम म्हणून ‘दूरचित्रवाणी’ हा शब्द वापरला जातो. बोलण्यात मात्र ‘टीव्ही’ हे संक्षिप्त रूपच सर्वाधिक रुळले आहे. त्यातील एक आद्याक्षर ग्रीक पदाचे, तर दुसरे लॅटिन पदाचे आहे. शब्दाचे टिकणे त्याच्या कुळाच्या शुद्धतेपेक्षा लोकव्यवहारावर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.